पांढऱ्या पायाचा पाहुणा

बांधावरून



आज खताचा हप्ता, फवारणीचे प्रमाण, बियाण्याचे वाण यांतले फारसे काही सांगणार नाही. आज दोन मुलांची गोष्ट सांगायची आहे. एक सातासमुद्रापलीकडचा, टीव्हीच्या पडद्यावरचा. दुसरा आपल्याच मोसंबीच्या पट्ट्यातला. दोघेही नऊ वर्षांचे. दोघेही आईबाप दूर कामाला गेले म्हणून नातेवाइकांच्या घरी आलेले. आणि दोघांवर आळ आला तोही एकच.

त्याचे असे झाले. मागच्या पावसाळ्यात झड लागली होती. रस्ते चिखलाने भरलेले, शिवारात पाय घालायची सोय नाही. धाकटी मुलगी सुटीला घरी आली होती. ती मोबाइलवर एक जुनी अमेरिकन मालिका पाहत बसली होती आणि मी शेजारी चहा घेत होतो. पडद्यावर भले मोठे कुटुंब, पोरांचा गलका, आणि त्यात गोल चष्म्याचा, भुऱ्या केसांचा एक बारका मुलगा.

मुलगी म्हणाली, ''बाबा, हा आला आणि मालिका बुडाली. तिकडे सगळे ह्यालाच दोष देतात.''

मी कप खाली ठेवला. म्हटले, ''म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसा पांढऱ्या पायाचा?''

''अगदी तस्सा!''

मंडळी, नवी सून घरात आली आणि त्याच साली बैल मेला, तर सुनेचा पाय पांढरा. पोर जन्मले आणि विहीर आटली, तर पोराचा पाय पांढरा. हा शब्द मी गावोगाव ऐकला आहे. तो अमेरिकेतही निघावा याचे मला नवल वाटले. मग मी झड उघडेपर्यंत मुलीकडून ते सारे प्रकरण समजावून घेतले. शेतीखात्याच्या माणसाची खोड अशी, की पीक गेले म्हटले की ते कशाने गेले हे खणून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

सहा पोरांचे घर

मालिकेचे नाव 'द ब्रेडी बंच'. अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर ती २६ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. कथा सरळ. एक विधुर, त्याला तीन मुलगे. एक बाई, तिला तीन मुली. दोघांचे लग्न होते आणि सहा पोरे, आईबाप व घरकाम पाहणारी अ‍ॅलिस अशी नऊ माणसे एका छपराखाली नांदू लागतात. दर आठवड्याला अर्ध्या तासाची एक गोष्ट. भावंडांची भांडणे, शाळेतल्या फजित्या, सहा पोरांत एकच न्हाणीघर म्हणून होणारे तंटे, आणि शेवटी बापाचे दोन शहाणपणाचे शब्द. झाले.

अशा मालिकेचे सारे पीक लहान मुलांवर उभे असते. बारक्या पोराने लहान तोंडी मोठा घास घेतला की लोक हसतात. पण पोरे काही बोन्सायची झाडे नव्हेत. ती वाढतात. १९७४ साल उजाडले तेव्हा थोरल्या ग्रेगचे काम करणारा नट १९ वर्षांचा बाप्या झाला होता आणि सर्वांत धाकटी सिंडी १२ वर्षांची झाली होती. तिच्या बोबड्या बोलांवर हसणारे लोक आता कशावर हसणार?

तेव्हा मालिकावाल्यांनी एक तोड काढली. आईचा भाचा, नाव ऑलिव्हर, त्याला घरी आणला. त्याचे आईबाप कामासाठी दक्षिण अमेरिकेला गेले, म्हणून पोरगा आत्याकडे राहायला आला, असे दाखवले. हे काम रॉबी रिस्ट नावाच्या मुलाने केले. १९६४ चा जन्म, म्हणजे नऊ वर्षांचा. जानेवारी १९७४ मध्ये तो पडद्यावर आला आणि ८ मार्च १९७४ ला मालिकेचा शेवटचा भाग झाला. ११७ भागांच्या मालिकेत ऑलिव्हरच्या वाट्याला आले फक्त सहा.

गंमत पाहा. तो आला त्या पहिल्याच भागाची गोष्ट अशी लिहिली होती, की हा घरात आल्यापासून एकामागून एक अपघात होऊ लागतात, मुले म्हणतात हा अपशकुनी आहे, आणि ते बिचारे पोरही तसेच समजू लागते. भागाच्या शेवटी सगळे गोड होते. पण पुढे लोकांनी मात्र ते खरेच धरले. आज ५० वर्षे उलटून गेली, तरी म्हाताऱ्या झालेल्या मालिकेत नवे पोर आणले की अमेरिकन माणूस म्हणतो, ''आला ऑलिव्हर, आता ही मालिका चालली मसणात.'' त्या पोराच्या नावाची म्हणच झाली.

पीक आधीच वाळत होते

आता खणून पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे 'ब्रेडी बंच' ही भरघोस उताऱ्याची मालिका कधी नव्हतीच. पाहणाऱ्यांच्या मोजणीत वर्षभरातल्या पहिल्या तीस मालिकांत ती एकदाही आली नाही. ती घरोघर नावाजली ती बंद पडल्यावर, गावोगावच्या केंद्रांनी जुने भाग रोज संध्याकाळी पुन्हा पुन्हा दाखवले तेव्हा.

दुसरी गोष्ट, शेजारच्या बांधावरचे पीक. शेवटच्या काळात शुक्रवारी ज्या वेळेला ही मालिका लागे, त्याच वेळेला एनबीसी वाहिनीवर 'सॅनफर्ड अँड सन' लागत असे. बापलेकांच्या भंगार दुकानाची ती मालिका तेव्हा देशात पहिल्या दोनचारांत होती. एकाच वेळी दोन तमाशे लागले तर गर्दी एकाच कनातीत जाणार!

तिसरी, घरातलीच कुरबुर. बापाचे काम करणारे नट रॉबर्ट रीड आणि निर्माते शेरवूड श्वार्ट्झ यांचे कथांवरून कायम वाजत असे. रीड यांना पुष्कळ कथा पोरकट वाटत. केसांना लावायच्या औषधाने ग्रेगचे केस नारिंगी होतात असा शेवटचा भाग होता. तो त्यांना इतका नापसंत पडला, की त्यांनी काम करायला नकार दिला आणि मालिकेच्या अखेरच्या भागात बापच नाही!

बघा. पाहणारे बेताचे, समोर दांडगा स्पर्धक, कर्त्या माणसांत बेबनाव, आणि मुले मोठी झालेली. ह्यातले काय ऑलिव्हरने केले? तो आला तेव्हा पीक वाळायला लागलेच होते. शेवटच्या सहा आठवड्यांत आलेल्या पोराच्या डोक्यावर पाच वर्षांचा तोटा लिहिला गेला.

मोसंबीच्या बागेतला भाचा

आता आपल्याकडच्या मुलाकडे येतो. बऱ्याच वर्षांमागची हकिकत आहे. गावाचे आणि माणसांचे नाव सांगत नाही.

एका शेतकऱ्याची चौदा-पंधरा वर्षांची मोसंबीची बाग होती. फळगळ फार होते म्हणून त्याने मला बोलावले. मी दुपारी पोहोचलो. त्याची म्हातारी आई ओसरीवर बसली होती. मी विचारले, ''आजी, बाग कधीपासून बिघडली?'' म्हातारीने बांधाकडे बोट केले. बांधावर बाभळीखाली एक पोरगा एकटाच बसला होता. ''ते आलं तव्हापासून,'' म्हणाली. ''पांढऱ्या पायाचं.''

तो त्या शेतकऱ्याचा भाचा. बहीण-मेहुणे दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेले. पोराची शाळा बुडू नये म्हणून त्याला मामाकडे ठेवले होते. तो आला आणि महिन्याभरात दुभती गाय मेली. मग बोअरचे पाणी गेले. मग मोसंबी गळायला लागली. घरात कुणी त्याला मारहाण करीत नव्हते, उपाशीही ठेवीत नव्हते. मामी ताट वाढत होती. पण ओसरीवर कुणी बसले असले की पोरगा उठून बांधावर जाऊन बसे.

मी बाग पाहत फिरलो, तो मागे मागे येत होता. मामा पुढे गेल्यावर हळूच म्हणाला, ''साहेब, मी आईकडं गेलो, तर मोसंबी गळायची थांबंल का?''

मंडळी, माझ्या नोकरीत मला हजारो प्रश्न विचारले गेले. ह्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तिकेत नव्हते.

मी खाली बसलो आणि एका झाडाच्या बुंध्याजवळची माती उकरली. कलमाचा डोळा जमिनीत गाडलेला. सालीतून डिंक आलेला. साल नखाने खरवडली, तर आत तपकिरी कूज. डिंक्या! पाणी मोकाट दिलेले, ते बुंध्याला लागून तुंबलेले. हा रोग वर्षा-दोन वर्षांचा नव्हता. पुष्कळ आधीपासून मुळे कुजत आली होती आणि झाड ह्या साली फळ धरू शकले नाही, एवढेच.

मग ओसरीवर येऊन मी मामाला म्हटले, ''तुम्ही मोटारीचा हिशेब ठेवता ना? ती वही काढा.'' माणूस टापटिपीचा. वही होती. बोअरची मोटार किती तास चालली ते त्याच्याच हाताने लिहिलेले. मी आजींसमोर मोठ्याने वाचून दाखवले. तीन वर्षांमागचा उन्हाळा, मोटार पाच तास. त्याच्या पुढचा उन्हाळा, तीन तास. गेला उन्हाळा, जेमतेम तास-सव्वातास. पाणी दरसाल खाली जात होते. आजूबाजूला नव्या बोअर किती झाल्या ते त्यानेच बोटांवर मोजून सांगितले.

मी म्हटले, ''आजी, तीन उन्हाळे मागे हे पोर कुठं होतं?''

म्हातारी काही बोलली नाही. बराच वेळ अंगणाकडे बघत राहिली. मग तिने हाक मारली, ''ये रे, जेवून घे. आन् इथं बसून जेव.''

ही गोष्ट आज आठवायचे कारण तो ऑलिव्हर. त्याच्या बाबतीत कुणी वही काढलीच नाही.

नांग्या भरायच्या कशा

म्हणजे जुन्या मालिकेत नवे मूल आणूच नये काय? तसे नाही. नांग्या भरणे हे काही चूक काम नव्हे. ते कधी आणि कसे भरतो ह्यावर सारे आहे. कपाशीत नांगी भरायची ती उगवणीनंतर आठ-दहा दिवसांत. पाते लागल्यावर बी टोकले तर ते रोप मोठ्या झाडांच्या सावलीत पिवळे पडते. तिकडच्या मालिकांतही हेच दिसते.

चांगले उदाहरण आधी. 'माय थ्री सन्स', म्हणजे 'माझे तीन मुलगे', ही मालिका १९६० ला सुरू झाली. १९६५ मध्ये थोरल्या मुलाचे काम करणारा नट सोडून गेला. आता नाव 'तीन मुलगे' आणि घरात दोनच! तेव्हा त्यांनी शेजारपाजारचा अर्नी नावाचा मुलगा दत्तक घेतलेला दाखवला. पण हा अर्नी ऐनवेळी आणलेला नव्हता. दोन वर्षे आधीपासून तो धाकट्या चिपचा मित्र म्हणून घरात येत-जात होता. शिवाय चिप आणि अर्नीचे काम करणारी मुले खऱ्या आयुष्यात सख्खे भाऊ. मालिका पुढे १९७२ पर्यंत चालली. ऊसवाले मंडळींना हे लगेच कळेल. खोडव्यात नांग्या भरायला आपण पिशवीत आधी वाढवलेली रोपे लावतो, ती जगतात. वेळेवर जागा रिकामी झाली, रोप तयार होते, माती ओळखीची होती. बस्स.

'ऑल इन द फॅमिली' ह्या गाजलेल्या मालिकेतही असेच झाले. १९७८ मध्ये मुलगी-जावई दूर राहायला गेले आणि म्हाताऱ्या जोडप्याचे घर ओस पडले. तेव्हा आप्तांतली स्टेफनी नावाची मुलगी त्यांच्याकडे आली. हेकट म्हातारा आणि चुणचुणीत पोर यांचे सूत जमले. ती मालिका संपून तिच्यातूनच फुटवा निघालेली दुसरी मालिका १९८३ पर्यंत चालली, त्यातही ही मुलगी होतीच. घरात खरी पोकळी होती, तिथे पोर आले, म्हणून ते शोभले.

'द कॉस्बी शो' मध्ये १९८९ साली ऑलिव्हिया नावाची चिमुरडी आली. घरची धाकटी रूडी आता दहा वर्षांची झाली होती. ऑलिव्हियाचे काम करणारी रेव्हन-सिमोन तेव्हा चार वर्षांचीही नव्हती. थोरल्या बहिणींपैकी एकीने बिजवराशी लग्न केले, त्याची ही मुलगी. मालिका तेव्हा देशात पहिल्या नंबरावर होती. म्हणजे झाडे हिरवी असतानाच नवे कलम लावले. पुढे १९९२ पर्यंत मालिका चालली.

आता फसलेली उदाहरणे, ती थोडक्यात. 'द पार्ट्रिज फॅमिली' ह्या गाणाऱ्या कुटुंबाच्या मालिकेत शेवटच्या वर्षी, १९७३-७४ मध्ये, गाणे म्हणणारा चार वर्षांचा रिकी आणला. पण त्याच वर्षी मालिकेची वेळ बदलून शनिवारी रात्री आठची केली, म्हणजे नेमकी 'ऑल इन द फॅमिली' च्या समोर. चार वर्षांच्या पोराने देशातल्या सर्वांत मोठ्या मालिकेशी कुस्ती खेळायची! मालिका पडली.

'फॅमिली टाइज' मध्ये आईचे काम करणारी नटी खरोखरच गरोदर राहिली, म्हणून १९८५ मध्ये गोष्टीतही बाळ जन्मले. पण तान्हे बाळ काही विनोद करत नाही. मग १९८६ चा नवा हंगाम सुरू झाला तेव्हा ते बाळ एकदम चार वर्षांचे होऊन बोलू लागले. 'ग्रोइंग पेन्स' मध्येही १९८८ ला जन्मलेली मुलगी १९९० मध्ये सहा वर्षांची झाली. आपल्याकडे द्राक्षाच्या घडाला जिब्रेलिक अ‍ॅसिडमध्ये बुडवतात, तसा प्रकार!

ह्याच 'ग्रोइंग पेन्स' मध्ये अखेरच्या वर्षी, १९९१ मध्ये, बेघर मुलाचे काम करायला एक पोरगा घेतला. मालिका १९९२ मध्ये बंद पडली. तो पोरगा म्हणजे लिओनार्दो डिकॅप्रिओ. पुढे १९९७ च्या 'टायटॅनिक' चा नायक, आणि २०१६ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळवणारा. सांगा, बियाण्यात काय खोट होती? वाफशावर पेरले नाही, तर बी कितीही चांगले असो.

आणि सर्वांत वाईट उदाहरण म्हणजे 'मॅरिड विथ चिल्ड्रन'. १९९२ मध्ये तिच्यात 'सेव्हन', म्हणजे 'सात', नावाचा मुलगा आणला. लोकांना रुचला नाही, म्हणून काही भागांनंतर तो नुसता दिसेनासा झाला. कुठे गेला, कुणी विचारले नाही. अमेरिकेत त्या काळात हरवलेल्या मुलांचे फोटो दुधाच्या खोक्यांवर छापत. पुढच्या एका भागात दुधाच्या खोक्यावर त्याचा फोटो दाखवून मालिकावाल्यांनी हशा पिकवला. हशा पिकला असेल. पण मला ते वाचून बांधावरचा तो पोरगा आठवला. आला तरी दोष, गेला तरी चौकशी नाही.

खड्डा आधी बघा

त्या मोसंबीच्या मामाने एक चूक केली होती. डिंक्याने झाड वाळले की तो ते उपटायचा आणि त्याच खड्ड्यात, त्याच मातीत, दुसऱ्या दिवशी नवे कलम लावायचा. ते मरायचे. मग रोपवाटिकेवाल्याला शिव्या. मी त्याला म्हटले, ''दोष कलमाचा नाही, खड्ड्याचा आहे. आधी जुनी माती काढा, खड्डा तापू द्या, पाण्याचा निचरा करा, मग रंगपूर लिंबाच्या खुंटावरचे कलम आणा. डोळा जमिनीच्या वर वीतभर राहू द्या. पाणी दुहेरी आळ्यातून द्या, बुंध्याला लागू देऊ नका. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बोर्डो मलम लावा.'' हे सारे केल्यावर निम्मी बाग हाती लागली. निम्मी गेली ती गेलीच.

मालिकांचेही हेच. कथा शिळ्या झाल्या, कर्त्यांत बेबनाव, वेळ चुकीची. खड्डा तोच ठेवून नवे पोर लावायचे आणि ते कोमेजले की त्यालाच नावे ठेवायची.

आणि आपल्या घरांचे? पंधरा वर्षांचा संसार, नवरा-बायकोत अबोला, भावाभावांत वाटणीचा तंटा. मग वडीलधारे सांगतात, ''एक पोर होऊ द्या, सगळं ठीक होईल.'' किंवा मूल नसलेल्या घरी दिराचे पोर आणून ठेवतात, ते आता ह्या दोघांना जोडून ठेवील म्हणून. मी पुष्कळ घरे पाहिली आहेत. पोर घरात हसू आणते, खरे आहे. ओसरी भरते. पण ज्या भिंतीला आधीच तडा गेला आहे, तिचा भार तीन फुटांच्या पोराने उचलावा असे म्हणणे हा अन्याय आहे. आणि नाही उचलला, तर त्याचा पाय पांढरा ठरवणे हा दुसरा अन्याय.

पोराच्या कमाईचा हिशेब

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. ही पडद्यावरची मुले काम करतात, त्याचा पैसा मिळतो. तो कुणाचा?

अमेरिकेत जॅकी कूगन नावाचा मुलगा १९२१ च्या 'द किड' चित्रपटात चार्ली चॅप्लिनबरोबर झळकला. त्याने लाखो डॉलर मिळवले. वयात आल्यावर पाहतो तो, आई आणि सावत्र बापाने बहुतेक पैसा उडवलेला. १९३८ मध्ये त्याने कोर्टात दावा लावला, पण हाती फार थोडे आले. मात्र त्यामुळे १९३९ मध्ये कॅलिफोर्निया राज्यात कायदा झाला, जो कूगनच्याच नावाने ओळखला जातो. आज त्या कायद्याप्रमाणे मुलाच्या कमाईतले १५ टक्के त्याच्या नावाने वेगळे ठेवावेच लागतात. तरीही 'डिफरंट स्ट्रोक्स' ह्या मालिकेतला गॅरी कोलमन हा बालनट मोठा झाल्यावर त्याला १९८९ मध्ये आपल्याच आईबापावर दावा लावावा लागला, आणि १९९३ मध्ये सुमारे १२ लाख ८० हजार डॉलर त्याला मिळाले. ह्याच कोलमनची उंची मूत्रपिंडाच्या आजाराने खुंटली होती. तो १६ वर्षांचा झाल्यावर १९८४ मध्ये त्या मालिकेतही नवा बारका मुलगा आणला होता. मालिका १९८६ मध्ये संपली.

आपल्याकडेही नियम आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. त्याप्रमाणे बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांच्या वर नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. आणि त्याच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकावे लागतात, जे तो सज्ञान झाल्यावर त्याचे. आता खेड्यांतल्या मुलांनाही मालिकेत, चित्रपटात कामे मिळू लागली आहेत. आपल्या गावातले कुणी पोर निवडले गेले, तर पेढे जरूर वाटा. पण आधी मुदत ठेवीची पावती मागा.

असो. ऑलिव्हरचे पुढे काय झाले? रॉबी रिस्ट मोठा झाला, गाण्याबजावण्यात रमला, आणि 'निन्जा टर्टल्स' च्या १९९० च्या चित्रपटात एका कासवाला त्याने आवाज दिला, जो लाखो मुलांना आवडला. त्याचे काही अडले नाही.

आणि आपला भाचा? तो मामाकडे दहावीपर्यंत राहिला. आज बाजारच्या गावात त्याचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. मामाची मोटार जळाली की पैसे घेत नाही. एकदा मी दुकानात गेलो, तर भिंतीला एक वही टांगलेली. कोणती मोटार कधी जळाली आणि कशाने, ते सगळे तारीखवार लिहिलेले. मी विचारले, ''एवढं कशाला लिहितोस?''

तो हसून म्हणाला, ''साहेब, लिहून ठेवलं की उगाच कुणावर आळ येत नाही.''

तेव्हा मंडळी, तुमच्या घरी वही नसेल तर आजच घाला. पाऊस किती, मोटार किती तास, गाईने दूध किती, फळ कधी गळाले. पाच रुपयांच्या पेन्सिलीचे काम आहे. नुकसान झाले तर आधी ती वही उघडा. आणि घरात नवी सून, नवे पोर, कुणी पाहुणे आले असेल, तर त्याला बांधावर बसू देऊ नका. ओसरीवर बोलवा.

पुढच्या आठवड्यात नेहमीप्रमाणे शेतीवरच बोलू.